१८८० नंतर गायब झालेला अमेरिकन पूर्वज कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा अमेरिकन, त्याचे खापरपणजोबा ओहायो राज्यातून अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) लढले असं घरात सांगतात. १८८० च्या जनगणनेत ते बायकोमुलांसह भेटतात, पुढे पत्ता नाही. आणि नाव इतकं सर्रास की शोधायला गेलं की शेकडो माणसं समोर येतात.

आधी एक सांगते, यात तुमचं शोधणं कुठे कमी पडलेलं नाही. १८९० ची जनगणनाच हाती नाही. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, त्यात तिची बाडं काही जळाली, बरीचशी भिजली, आणि उरलेली पुढे सरकारनेच रीतसर नष्ट केली. त्यामुळे १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची पोकळी प्रत्येकाच्याच वंशावळीत पडते. नेमक्या याच काळात ओहायो-इंडियानाची कुटुंबं मोठ्या संख्येने कॅन्सस, नेब्रास्काकडे सरकली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळत होती, पण तिथे पाच वर्षं राहावं लागे. १८७२ पासून माजी सैनिकांना फौजेतली नोकरी त्या पाच वर्षांत धरून मिळू लागली. लढून आलेल्या माणसाला गाव सोडायला एवढं कारण पुरे होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जनगणनेत नाव टाकून शोधत बसू नका, सैनिकी पेन्शनच्या कागदांमागे लागा. आणि शक्यतो त्यांच्या बायकोच्या, म्हणजे विधवेला मिळणाऱ्या पेन्शनच्या.

युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूने लढलेल्यांच्या पेन्शनची सूची-कार्डं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. एका कार्डावर सैनिकाचं नाव, त्याची रेजिमेंट आणि कंपनी, विधवेने अर्ज केला असेल तर तिचं नाव, अर्जांच्या तारखा, आणि तो अर्ज कोणत्या राज्यातून केला हेही असतं. तुम्हाला हवी ती हीच शेवटची नोंद. खापरपणजीचं पहिलं नाव १८८० च्या जनगणनेतून तुमच्याकडे आहेच. नवराबायकोच्या नावांची जोडी जुळवली की शेकड्यातली दोन-चार कार्डं उरतात. कार्डावर कॅन्सस दिसलं, तर कुटुंब कुठे गेलं ते कळलं. विधवेच्या अर्जाची तारीख असेल, तर खापरपणजोबा कधीच्या सुमारास वारले याचाही अंदाज आला.

खरा ऐवज मात्र कार्डामागच्या फाइलमध्ये असतो. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी पैसे हवे असतील तर त्यांचे जन्मही. ओहायोत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कोर्टात जन्मनोंदी ठेवायला सुरुवात झाली १८६७ मध्ये. त्याआधीच्या मुलाचा पुरावा आणायचा कुठून? मग सुईणीची जबानी, शेजाऱ्यांची शपथपत्रं, नाहीतर घरच्या बायबलमधलं नोंदींचं पान. माझ्या सासूबाईंच्या घराण्यातली, इंडियानाची, अशी एक फाइल मी पाहिली आहे. बायबलचं पान फाडून तसंच्या तसं जोडलेलं होतं, मुलांची नावं वेगवेगळ्या शाईत. त्या बाईंना लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुली होती आणि शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. सुईणीने तारीख सांगितलेली नव्हती, मूल मका काढायच्या दिवसांत झालं एवढंच सांगितलं होतं. त्या साक्षीदारांपैकी एक जण तिचा सख्खा भाऊ निघाला आणि त्याच्या आडनावावरून तिचं माहेर सापडलं. घरात ते कुणालाही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर बाईचं माहेर कागदावरून पुसलं जातं, ते तिकडेही तसंच. म्हणून मी बायकांच्या कागदांवर एवढा जोर देते.

तुमचे खापरपणजोबा १८९८ मध्ये हयात असून त्यांना पेन्शन मिळत असेल, तर आणखी चांगलं. त्या वर्षी पेन्शन खात्याने सगळ्यांना एक प्रश्नावली पाठवली होती. बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठे आणि कधी झालं, आधीचं लग्न होतं का, हयात मुलांची नावं आणि जन्मतारखा, सगळं त्यात विचारलं होतं. उत्तरं खुद्द त्या माणसाने दिलेली असत.

पोकळी भरायला दोन गोष्टी आणखी बघा. १८९० ची माजी सैनिकांची आणि विधवांची वेगळी यादी काही राज्यांपुरती वाचली आहे. ओहायो आणि नेब्रास्काची आहे, कॅन्ससची जवळजवळ सगळी नष्ट झाली. पण कॅन्ससने स्वतःची जनगणना १८८५ आणि १८९५ मध्ये घेतली होती. त्यात माणूस कोणत्या राज्यातून आला हे विचारलेलं आहे, आणि १८८५ च्या नोंदीत रेजिमेंटही.

आडनावाच्या स्पेलिंगवर अडून राहू नका. घराणं मूळ जर्मन असेल तर म्युलरचा मिलर आणि श्मिटचा स्मिथ झालेला असू शकतो, शिवाय जनगणना करणारा कानाला ऐकू येईल तसं लिहीत असे. आणि लोकांनी ऑनलाइन टाकलेल्या तयार वंशावळी कितीही मोहात पाडोत, खाली मूळ कागदाचा दाखला नसेल तर त्यातलं काही उचलू नका. एकाने चुकीचा बाप जोडला की पुढचे सगळे तोच उतरवून घेतात.

कार्ड सापडलं की त्यावरचा अर्ज क्रमांक आणि प्रमाणपत्र क्रमांक दोन्ही उतरवून घ्या आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जकडे (सरकारी अभिलेखागाराकडे) शुल्क भरून फाइलची प्रत मागवा. मागताना पूर्ण फाइल मागा. निवडक कागदांचा संच स्वस्तात मिळतो, पण त्यात शेजाऱ्यांच्या जबान्या राहून जाऊ शकतात. कार्डावर कोणतं राज्य निघालं ते इथेच कळवा, तिथले जमिनीचे आणि कोर्टाचे कागद कुठे बघायचे ते सांगते.