तापीकाठच्या जागांची नावं टिपताना

पहिल्या फेरीत नकाशा दाखवू नका. कागद समोर आला की लोक त्यावरचंच नाव वाचून दाखवतात. गुराखी, भोई, घाटावर धुणं धुणाऱ्या बाया यांना वेगवेगळं विचारा. सरपंचाला सगळ्यात शेवटी.

नाव कानावर पडलं तसंच लिहा. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून 'मयी' ऐकलंत तर 'मयी'च ठेवा, 'मळी' शेजारच्या रकान्यात. शुद्ध करून लिहिलेली वही नंतर कुणाच्याच कामाची नसते. सोबत हवं: जागा कसली (डोह, उतार, घाट, नाला), कितीजणांनी सांगितली, त्यांचं अंदाजे वय, नाव अजून चालतं का.

अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत. म्हणजे साधारण एक मीटर. मोबाइल एवढाही अचूक नसतो, त्यामुळे सहावा आकडा नुसती शोभा. डोहाचा बिंदू काठावरून घ्या आणि काठ नोंदवा. डावा-उजवा पाणी वाहत जातं त्या दिशेला तोंड करून ठरतो. तापी पश्चिमवाहिनी, म्हणून उत्तरेचा काठ उजवा. इथे गफलत झाली तर घाट थेट पलीकडच्या गावात जातो!

हतनूर धरणाच्या फुगवट्याखाली (मागे साठलेल्या पाण्याखाली) गेलेल्या जागांपुढे 'अंदाजे' लिहा. गाव उठून दुसरीकडे वसलं असेल तर एकाच नावाचे दोन बिंदू लागतात, जुनं आणि नवं.

मग भूमी अभिलेखातला गावनकाशा काढा. जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर, जमिनींच्या एकत्रीकरणानंतरच्यांवर गट नंबर. दोन्ही एकच समजून जुळवू नका.