‘त्याच्या द्वारे’ की ‘त्याच्याकडून’?

योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले तिसरे वचन मराठीत ‘सर्व काही त्याच्या द्वारे झाले’ असे आहे. येथे ‘त्याच्या’ म्हणजे पहिल्या वचनातल्या ‘शब्दा’च्या, आणि हा ‘शब्द’ म्हणजे ख्रिस्त असे परंपरेने मानले जाते. एका वाचकाने विचारले आहे की येथे ‘त्याच्याकडून झाले’ किंवा सरळ ‘त्याने सर्व काही केले’ असे लिहिले तर अर्थ बदलतो का, आणि युनिटेरियन, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळींचा याच शब्दावरून वाद झाला होता असे ऐकतो ते खरे का.

अर्थ बदलतो, आणि वादही खरा आहे. तो झाला कलकत्त्यात, १८२१ साली. विल्यम ॲडम आणि विल्यम येट्स हे दोन बॅप्टिस्ट मिशनरी राजा राममोहन रॉय यांना सोबत घेऊन शुभवर्तमानांचे बंगाली भाषांतर करत होते. योहानापाशी आल्यावर ग्रीक ‘दिआ’ या अव्ययाला बंगालीत काय म्हणावे, यावर काम अडले. ‘द्वारे’ या अर्थाचा शब्द घ्यावा असे आधी ठरले. पण काही दिवसांनी येट्स यांनी माघार घेतली, कारण त्या शब्दाने ख्रिस्त हा केवळ मध्यस्थ ठरतो आणि चौथ्या शतकातल्या एरियसच्या मताला, म्हणजे पुत्र हा पित्याने निर्मिलेला आणि म्हणून पित्याहून कमी आहे या मताला, वाट मोकळी होते, अशी त्यांना भीती वाटली. ॲडम यांनी मागाहून सांगितलेल्या हकिकतीत आहे की ही चर्चा चालू असताना राममोहन हातात लेखणी धरून गंभीरपणे सारे ऐकत बसले होते आणि एक शब्दही बोलले नाहीत. हे दृश्य मला भाषांतराच्या इतिहासातले फार मोलाचे वाटते. त्याच वर्षी ॲडम यांनी त्रैक्याचा सिद्धान्त सोडल्याचे जाहीर केले आणि राममोहनांच्या सहकार्याने कलकत्त्यात युनिटेरियन समिती उभी राहिली.

युनिटेरियन या शब्दाला ‘एकेश्वरवादी’ हा प्रतिशब्द नेहमी दिला जातो. तो मला अपुरा वाटतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य मानणारा ख्रिस्तीही देव एकच आहे असेच म्हणतो. युनिटेरियनांचे म्हणणे असे की त्या एका देवात तीन व्यक्ती नाहीत, आणि पिता तोच देव आहे. म्हणून ‘त्रैक्य न मानणारे ख्रिस्ती’ असे लिहावे, किंवा ‘युनिटेरियन’ हाच शब्द ठेवावा. तो महाराष्ट्राला परका नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या ज्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियन परंपरेचेच होते.

आता अव्ययाकडे वळू. ग्रीकमध्ये क्रियेचा मूळ कर्ता दाखवायला बहुधा ‘हुपो’ येते, आणि ज्याच्या मार्फत ती क्रिया घडते तो दाखवायला ‘दिआ’ येते. दोन्ही शेजारी पाहायची असतील तर मत्तयाच्या पहिल्या अध्यायातले बाविसावे वचन पाहावे : तेथे जे सांगितले गेले ते ‘हुपो’ प्रभू आणि ‘दिआ’ संदेष्टा असे आहे, म्हणजे बोलणारा प्रभू आणि ज्याच्या मुखातून ते आले तो संदेष्टा. युनिटेरियन अभ्यासक हाच नियम योहानाला लावतात आणि म्हणतात, करणारा देव आहे, शब्द हे त्याचे द्वार आहे. तर्क सबळ आहे, पण निर्णायक नाही. रोमकरांस पत्रात, अकराव्या अध्यायाच्या अखेरीस, खुद्द देवाविषयी बोलतानाही ‘दिआ’च वापरले आहे, आणि तेथे कोणी देवाला मध्यस्थ म्हणत नाही.

मराठीत हा प्रश्न आणखी रंगतदार होतो. आपला ‘ने’ हा प्रत्यय कर्ता आणि करण यांत भेद करत नाही. ‘रामाने रावणाला बाणाने मारले’ या वाक्यात राम आणि बाण या दोघांनाही तोच प्रत्यय आहे. ‘कडून’ तर दोन्हीकडचे काम करतो. ‘पोलिसांकडून तपास केला गेला’ येथे पोलीस हे कर्ते आहेत, पण ‘मी सुताराकडून टेबल करून घेतले’ येथे सुतार मधला आहे आणि करवून घेणारा मी आहे. शिवाय ‘कडून’ला ‘झाले’ जोडले की तिसरीच छटा येते : ‘माझ्याकडून चूक झाली’ असे आपण हातून नकळत घडलेल्या गोष्टीबद्दल म्हणतो. ‘सर्व काही त्याच्याकडून झाले’ हे वाक्य मराठी कानाला म्हणूनच खटकते. सृष्टी अनवधानाने झाली की काय, असे वाटते. ‘त्याने सर्व काही केले’ म्हटले तर कर्ता पक्का होतो, आणि जे मूळ वाक्याने उघडे ठेवले आहे ते भाषांतरकार स्वतः बंद करतो.

‘द्वारे’मध्ये दार आहे, आणि दारातून येणारा व दार हे वेगळे असतात. म्हणून ‘दिआ’ला हा शब्द चपखल आहे. ‘झाले’ हे क्रियापदही मला अचूक वाटते, कारण मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘केले गेले’ असा नसून ‘अस्तित्वात आले, घडले’ असा आहे. १८०८ साली इंग्लंडमधल्या युनिटेरियनांनी नव्या कराराची जी सुधारित आवृत्ती काढली, तीत त्यांनी याच क्रियापदाचा आधार घेऊन येथे विश्वाची निर्मिती अभिप्रेत नसून ख्रिस्ताच्या कार्यातून घडलेले सारे अभिप्रेत आहे, असा अर्थ लावला. सोळाव्या शतकात त्रैक्य नाकारणाऱ्या सोझिनी या इटालियन धर्मचिंतकानेही पहिल्या वचनातले ‘प्रारंभी’ म्हणजे शुभवर्तमानाच्या प्रारंभी, असे म्हटले होते. मला ही ओढाताण वाटते. योहान बायबलमधल्या सृष्टिकथेच्या, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकाचा ‘प्रारंभी’ हा पहिलाच शब्द उचलून सुरुवात करतो. तो सृष्टीबद्दल बोलत नाही असे मानणे जड जाते. मात्र अलीकडे ‘महापालिकेद्वारे आयोजित’ अशी हिंदी वळणाची रचना रुळल्यामुळे तरुण वाचकाला ‘द्वारे’मध्येही कर्ताच ऐकू येऊ लागला आहे. मुद्रितशोधन करताना मी तेथे ‘महापालिकेने आयोजित केलेला’ असे करतो, ते ‘द्वारे’ची ही धार बोथट होऊ नये म्हणूनच.

पहिल्या वचनातल्या ‘शब्द देव होता’ याविषयी थोडेच सांगतो. ग्रीकमध्ये तेथे ‘देव’ या शब्दाला निश्चित उपपद (इंग्रजी ‘द’सारखे) नाही, म्हणून १८०८च्या आवृत्तीने ‘शब्द एक देव होता’ असे केले. मराठीत उपपदे नाहीत आणि देवनागरीत मोठी-लहान अक्षरेही नाहीत, त्यामुळे आपले वाक्य कोणाचीच बाजू घेत नाही.

उलट, मराठी जेथे बाजू घेते ती जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘शब्द’ पुल्लिंगी आहे, म्हणून दुसऱ्या वचनात आपोआप ‘तो प्रारंभी देवासह होता’ असे येते आणि वाचक लगेच व्यक्तीची कल्पना करतो. इंग्रजीत बायबलचा भाषांतरकार टिंडेल याने सोळाव्या शतकात तिसऱ्या वचनात नपुंसकलिंगी सर्वनाम वापरले होते, आणि त्रैक्य न मानणारे त्याचा दाखला आजही देतात. मराठीत ‘वचन’ घेतले असते तर ‘ते प्रारंभी देवासह होते’ असे झाले असते, ‘वाणी’ घेतली असती तर ‘ती’ झाली असती. तिसऱ्या वचनात मात्र ‘तो’ असो वा ‘ते’, सामान्यरूप ‘त्याच्या’ हेच राहते. म्हणजे प्रश्नकर्त्याने दाखवलेल्या त्या दोन शब्दांपैकी ‘त्याच्या’ हा दोन्ही वाचनांना चालतो, आणि ‘द्वारे’ बदलू नये.