बोटीने कालव्यातून आणि नदीतून फिरताना रात्री बोट काठाला कशी बांधायची?

तुमची बोट भाड्याची आहे आणि वाटेत कालवाही आहे, नदीही. दोन्हीकडे बांधायची पद्धत वेगळी. पण रात्रीतून पाण्याची पातळी बदलणार हे दोन्हीकडे धरूनच चाला.

अंधार पडायच्या तासभर आधी जागा बघायला लागा. लॉकच्या (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली न्यायच्या, दरवाजे असलेल्या हौदाच्या) तोंडाशी, पुलाखाली, वळणावर, बोट वळवायच्या रुंद जागेत थांबू नका. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको. दोन लॉकमधला टप्पा आखूड असेल तर तोही सोडा. लॉकच्या दरवाजातून पाणी झिरपतच असतं, आखूड टप्प्यात साठा कमी, म्हणून पातळी भराभर उतरते. मग काठाकडची बाजू गाळात टेकते, दोर ताणले जातात आणि बोट कलते. बांबूने खोली आधीच चाचपून घ्या.

कालव्याच्या काठाला कड्या नसतील तर लोखंडी खुंट्या ठोका: एक बोटीच्या पुढच्या टोकाच्या थोडी पुढे, एक मागच्या टोकाच्या मागे, म्हणजे दोर साधारण ४५ अंशात तिरका जाईल. खुंटीचं डोकं बोटीपासून लांब झुकलेलं हवं आणि दोर जमिनीलगत बांधायचा. वर बांधलात तर तरफ होऊन खुंटी उपटून येते. भुसभुशीत मातीत दोन खुंट्या एकमेकींना छेदून ठोका. पायवाटेच्या बाजूला खुंटीवर पांढरी पिशवी अडकवा, सायकलवाले अडखळतात.

शेजारून कोणी वेगात गेलं की तुमची बोट आधी एकीकडे ओढली जाते, मग उलट. खुंट्या सैल होतात त्या याच हिसक्यांनी. म्हणून आणखी दोन दोर लावा, पुढच्या टोकाचा मागे आणि मागच्या टोकाचा पुढे नेलेला. छतावरचा मधला दोर काठाला लागताना कामाचा, पण रात्रभर बांधून ठेवू नका. तो उंचावरून खेचतो आणि बोट कलंडते.

नदीत तोंड प्रवाहाकडे ठेवून काठाला या आणि वरच्या बाजूचा, म्हणजे पुढचा दोर आधी बांधा. मागचा आधी अडकवलात तर प्रवाह पुढचं टोक फिरवून बोट आडवी करतो. दोर लांब सोडा. दोर आखूड असेल तर पाणी चढलं की बोटीची काठाकडची बाजू खाली खेचली जाते, उतरलं की बोट लटकते. पूर येण्याजोगा पाऊस असेल तर बोट आणि काठ यांच्यामध्ये बांबू तिरके रोवा, नाहीतर पाणी ओसरल्यावर बोट काठावर बसलेली सापडेल. दोर कडीतून ओवून टोक परत बोटीवर आणा आणि ताण असतानाही सुटेल अशी गाठ मारा. नांगर साखळीसह हाताशी असू द्या.

झोपण्यापूर्वी प्रोपेलरच्या दांड्याचा ग्रीसर (दांड्याभोवती ग्रीस दाबून पाणी आत येऊ न देणारा स्क्रू) घट्ट लागेपर्यंत फिरवा, तळातलं पाणी उपसा, गॅसचा कॉक बंद करा. शेगडी पेटती असेल तर हवेच्या झरोक्यात चिंध्या कोंबू नका. थंडीत लोक हेच करतात आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याचा अलार्म बटण दाबून तपासा. शिशाच्या बॅटरीवर काही चालू नसताना १२.२ व्होल्ट दिसले तर ती जवळजवळ अर्धी संपलीय. मग फ्रिज बंद.

सकाळी नदीत मागचा दोर आधी सोडा, पुढचा शेवटी. खुंट्या आणि हातोडा बोटीत आले का ते मोजा. काठावर विसरतात ते हेच.