लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’ छापलंय, मग झालं का?

या खेपेची पत्रं टेक्सासपासून पुण्यापर्यंतची आहेत, पण सगळी घुटमळतात एकाच बोटभर काचेच्या बाटलीभोवती. तळाशी पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, पांढरी भुकटी, वर रबरी बूच आणि लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’. अमेरिकेतल्या नियमांबद्दल तेच तेच विचारलं जातंय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

प्रश्न : पेप्टाइड घ्यायला डीईएचा (अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा) परवाना लागतो का?
उत्तर : बहुतेक पेप्टाइडं नियंत्रित पदार्थांच्या यादीत नाहीत, त्यामुळे नाही. तुमच्या पेप्टाइडचं नाव मात्र यादीत एकदा तपासून घ्या.

प्रश्न : इन्सुलिनसुद्धा पेप्टाइडच ना? मग त्याला वेगळा नियम का?
उत्तर : 40 पेक्षा जास्त अमिनो आम्लं असली की एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, लेखी ते प्रथिन, म्हणजे जैविक औषध. इन्सुलिनमध्ये 51 आहेत, म्हणून 23 मार्च 2020 पासून ते त्या गटात गेलं. वजन घटवायच्या सेमाग्लुटाइडमध्ये 31, ते साध्या औषधांच्या गटातच राहिलं.

प्रश्न : माझे मेहुणे टेक्सासमध्ये पेप्टाइड विकणारी वेबसाइट काढताहेत. प्रत्येक बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही’ असं छापणार आहेत. मग कायद्याची अडचण नाही ना?
उत्तर : आहे, आणि मोठी आहे. ही युक्ती त्यांना कुणी सांगितली असेल तेही मी सांगू शकतो: जो स्वतः तोच धंदा करतो त्याने. 1938 च्या केंद्रीय अन्न व औषध कायद्यानुसार एखादी वस्तू औषध आहे की नाही, हे ती कशासाठी विकली जाते त्यावरून ठरतं. लेबलवरच्या एका ओळीने तो हेतू पुसला जात नाही. परवाच अशी एक वेबसाइट उघडून पाहिली. वर ठळक अक्षरात ‘प्रयोगशाळेसाठी’. खाली ‘दोन महिन्यांत पोट गेलं’ छापाचे अनुभव, शेजारी बेंझिल अल्कोहोल घातलेलं इंजेक्शनचं पाणी, आणि कोपऱ्यात डोस काढायचा कॅल्क्युलेटर. काचेच्या बशीतल्या पेशींना पोट कधीपासून सुटायला लागलं? डिसेंबर 2024 मध्ये सेमाग्लुटाइड वगैरे अशाच लेबलाखाली विकणाऱ्या कंपन्यांना एफडीएने इशारापत्रं धाडली. त्यात हेच म्हटलंय: लेबल काहीही म्हणो, पुरावा माणसांसाठी विकल्याचा आहे.

खऱ्या संशोधनासाठी वाट आहे. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर किंवा काचपात्रात चाचणी करायला नवं औषध पाठवता येतं. पण त्यासाठी ठरलेल्या शब्दांतली सूचना छापावी लागते, घेणारा अशा चाचण्या नेहमी करतो याची खातरजमा करावी लागते आणि कुणाला, कधी, किती, कोणत्या बॅचचं पाठवलं ही नोंद दोन वर्षं जपावी लागते. कार्डाचे पैसे वळते झाले ही खातरजमा नव्हे. ‘मला माहीत नव्हतं’ हेही चालत नाही. याच कायद्याखालच्या 1975 च्या पार्क खटल्यात गोदामात उंदीर झाले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने थेट कंपनीच्या अध्यक्षाला जबाबदार धरलं होतं. मेहुण्यांना सांगा, औषध कायद्याचा वकील आधी गाठा, वेबसाइट नंतर.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, माल राज्यातच बनतो आणि राज्यातच विकला जातो, म्हणून केंद्राचा संबंध येत नाही. खरं का?
उत्तर : ऐकीव गोष्ट. माल आंतरराज्य व्यापारातला आहे असं केंद्रीय कायदा गृहीतच धरतो, तसं नाही हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. शिवाय राज्यांचे कायदे आहेतच, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियाचा शर्मन कायदा. फार्मसीचा परवाना देणारं आणि काढून घेणारं बोर्डही राज्याचंच. म्हणजे सासू एक नाही, दोन. तुमच्या राज्याच्या बोर्डाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : विद्यापीठात उंदरांवरच्या प्रयोगासाठी पेप्टाइड मागवतेय. प्रमाणपत्रावर 99 टक्के शुद्ध लिहिलंय. पुरे ना?
उत्तर : नाही. तो आकडा एचपीएलसी या शुद्धतेच्या चाचणीच्या आलेखावरचा. त्यात पाणी आणि क्षार मोजलेले नसतात, त्यामुळे 5 मिलिग्रॅम भुकटीत पेप्टाइड त्याहून कमी भरतं. निव्वळ पेप्टाइड किती, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) किती, हे वेगळं मागा. आणि प्राणी प्रयोग समितीची मंजुरी आली का? ऑर्डर त्यानंतर.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या लॅबसाठी दोन बाटल्या हव्यात. न्यू जर्सीची मावशी दिवाळीला येतेय, तिच्या पर्समधून आणल्या तर?
उत्तर : बिचाऱ्या मावशीला कस्टम्सपुढे कशाला उभं करता? भारतात नवं औषध चाचणीसाठी आणायला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे सीटी-16 अर्ज करून सीटी-17 परवाना घ्यावा लागतो. तुमचं पेप्टाइड त्यात बसतं का, हे संस्थेच्या खरेदी विभागाकडून तिथेच विचारून घ्या. वेळ लागतो म्हणून मावशी आठवली असेल, तर पत्र आजच टाका. मावशीला बदाम आणू द्या.