चिंचोके, पत्ते आणि पाढे

पहिली ते चौथीच्या मुलांची बेरीज-वजाबाकी आणि पाढे घरी खेळता खेळता कसे पक्के करावेत, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या पाच पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. ८ + ५ विचारलं की अजूनही एकापासून बोटं मोजते. ओरडलं तर हात पाठीमागे नेऊन मोजते. काय करावं? (एक आई, सातारा)

बोटांवर बंदी घालू नका. तिला दुसरा रस्ता माहीत नाही म्हणून ती हात लपवते. हा रस्ता दहावरून जातो. ८ चे दहा करायला २ हवेत, ते ५ मधून घ्यायचे, उरले ३, झाले तेरा. म्हणजे दोन गोष्टी न मोजता यायला हव्यात : दहाच्या जोड्या, आणि पाचपर्यंतच्या संख्यांचे तुकडे. जोड्या घोकून घेतल्या जातात, तुकड्यांचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग '५ मधून २ गेले, राहिले किती' इथेच गाडं अडतं.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळी कापल्या की एका ट्रेमधून दहा खळग्यांचे तीन तुकडे निघतात. सोबत वीसेक चिंचोके आणि वीसेक राजमे. (घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बिया नकोत, नाकात जातात. बाटल्यांची दोन रंगांची झाकणं घ्या.) नियम एकच : वरची पाचांची ओळ डावीकडून भरल्याशिवाय खालच्या ओळीत बी टाकायची नाही. मुलं कुठेही बिया टाकतात आणि मोठेही 'जाऊ दे' म्हणतात, तिथेच खेळ फुकट जातो. ओळीने भरलं तर ८ म्हणजे 'एक पूर्ण ओळ आणि तीन, दोन खळगे रिकामे' असं चित्र दिसतं. बिया विखुरल्या की पुन्हा मोजणंच आलं.

पहिले चार-पाच दिवस बेरीज नकोच. तुम्ही ट्रे भरा, दोन सेकंद दाखवा, वर रुमाल टाका. किती भरले? रिकामे किती? मोजायला वेळ मिळाला तर मूल मोजणारच, म्हणून रुमाल महत्त्वाचा. हे जमलं की दोन ट्रे शेजारी ठेवा. एकात ८ चिंचोके, दुसऱ्यात ५ राजमे. दोन राजमे उचलून पहिला ट्रे भरायचा आणि आकडा सांगायचा. राजम्यांचा रंग वेगळा असल्याने कुठून किती आले ते तिला दिसत राहतं. ९ + ४, ८ + ४, ९ + ६, ८ + ६ या क्रमाने चढा. ७ + ६ सगळ्यात शेवटी, कारण तिथे ६ चे ३ आणि ३ करावे लागतात.

जोड्यांसाठी पत्ते. इस्पिक आणि बदाम घ्या, दहापासून वरचे पत्ते काढून टाका, एक्का म्हणजे एक. राहिले १८ पत्ते. पालथे मांडून दोन-दोन उलटायचे, बेरीज दहा झाली तर जोडी आपली. १८ पत्त्यांच्या नऊ जोड्या बरोबर जमतात. शेवटी न जुळणारे दोन पत्ते उरले तर मध्ये कुणीतरी चुकीची जोडी उचलली आहे. ती शोधायचं काम मुलीला द्या.

प्रश्न : आमच्या लहानपणी कवड्या-चिंचोक्यांचे खेळ होते. त्यातून आजच्या मुलांना आकडेमोड शिकवता येईल का? (एक आजी, कोल्हापूर)

येईल, आणि वरच्याच जोड्यांसाठी. चल्लस-आठला वापरायचे तसे दहा चिंचोके करा. एक बाजू खरखरीत दगडावर घासून पांढरी, दुसरी तपकिरी. घासायचं काम मोठ्यांनी करावं, नाहीतर मुलांची बोटं सोलतात. चिंचोके भाजू मात्र नका. भाजले की साल सुटतं आणि दोन्ही बाजू पांढऱ्या होतात.

दहाही चिंचोके मुठीत हलवून फेकायचे. नातवाने फक्त पांढरे मोजायचे आणि तपकिरी किती ते न मोजता सांगायचं. बरोबर आलं की एक रेघ. दहा रेघा आधी करेल तो जिंकला.

यात एक गोम आहे. दहा चिंचोक्यांच्या साधारण दर तीन फेकींपैकी दोनदा पांढरे ४, ५ किंवा ६ येतात. १ किंवा ९ पन्नास फेकींत एखाद वेळा. म्हणजे नातू ४ आणि ६ मध्ये तरबेज होईल, ९ आणि १ मात्र वाट्यालाच येणार नाहीत. म्हणून तिसऱ्या दिवसापासून फेकणं बंद करा. दहातले काही चिंचोके वाटीखाली झाकायचे, बाहेर उरलेले दाखवायचे : झाकलेले किती? आता कुठली जोडी विचारायची ते तुमच्या हातात आहे. ७ आणि ३, ८ आणि २ वारंवार विचारा, त्याच जास्त चुकतात. वाटी स्टीलची हवी, काचेची नको. मुलं डोकावतात.

प्रश्न : नातू बे ते दहा पाढे चालीत धडाधड म्हणतो. पण मध्येच 'सात सक किती' विचारलं तर 'सात एके सात'पासून सुरू होतो. घोकंपट्टीच चुकली का? (एक आजोबा, जळगाव)

घोकंपट्टी वाया गेली नाही. पण पाढा हा दोरा आहे आणि त्याच्या हाताला त्याचं एकच टोक लागलंय. मधली गाठ धरायची सवय वेगळी लावावी लागते. आधी काम किती आहे ते बघा. दोनपासून दहापर्यंतच्या पाढ्यांत २ ते १० पटी धरल्या तर ८१ गुणाकार होतात. सात सक आणि सहा साती एकच धरले की ४५ राहतात. त्यातून दोन, पाच आणि दहाचे काढा, ते बहुतेक मुलांना येतात. राहिले २१. नऊचा पाढा दहाच्या पाढ्यातून निघतो : सात दाहे सत्तर, त्यातून सात गेले, त्रेसष्ट. राहिले फक्त १५. वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्याकडूनच लिहून घ्या : ३ × ३, ३ × ४, ३ × ६, ३ × ७, ३ × ८, ४ × ४, ४ × ६, ४ × ७, ४ × ८, ६ × ६, ६ × ७, ६ × ८, ७ × ७, ७ × ८, ८ × ८. त्यातलेही निम्मे त्याला येत असतील.

आता खेळ. चौकटीच्या वहीत २० चौकटी लांब, २० रुंद असा मोठा चौकोन आखा. एका पानावर मावला नाही तर दोन पानं चिकटवा. दोन फासे वापरू नका. फाशावर सहाच्या वर आकडा नसतो, म्हणजे सात-आठचे अवघड गुणाकार कधी येणारच नाहीत. पत्त्यांतले ३, ४, ६, ७, ८ घ्या, चारही रंगांचे मिळून वीस पत्ते. आळीपाळीने दोन पत्ते उचलायचे. ७ आणि ६ आले की सात चौकटी लांब, सहा रुंद असा आयत आपल्या रंगाच्या पेन्सिलीने आखायचा आणि आत ४२ लिहायचं. पत्ते परत खाली घालून पिसायचे. जागेअभावी आयत बसला नाही तर डाव हुकला. सलग दोन डाव हुकतील तो हरला. दहा-बारा आयतांत पान भरतं.

आयत आखण्याआधी उत्तर बोलायचंच, हा नियम ढिला सोडू नका. आधी आखू दिलं तर नातू बेचाळीस चौकटी एकेक करून मोजत बसेल. शंका आली तर समोरच्याने 'दाखव' म्हणावं. तेव्हाही सुट्या चौकटी मोजायच्या नाहीत, पाचव्या चौकटीनंतर एक उभी रेघ मारायची. डावीकडे सहा पंचे तीस, उजवीकडे सहा दुणे बारा, मिळून बेचाळीस. पाच आणि दोनचे पाढे त्याला येतातच, त्यांच्या जोरावर सात सक उभं राहतं. पाढा विसरला तरी ही रेघ आठवते.

आखताना मुलं चौकटींऐवजी रेघा मोजतात. सात रेघांमध्ये सहाच चौकटी असतात, सहा रेघांमध्ये पाचच, मग आयत ६ × ५ होतो आणि आत ४२ लिहिलेले असतात. पहिले दोन आयत त्याच्यासोबत बोट ठेवून आखा.

प्रश्न : मुलगा इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. 'त्रेपन्न' म्हटलं की ३५ लिहितो. इंग्रजीत असं होत नाही. (एक आई, ठाणे)

यात मुलाचा दोष नाही, मराठीची घडणच तशी आहे. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. लिहिताना पाच आधी. इंग्रजीत वीसनंतर दशक आधी बोलतात, म्हणून तिथे तो अडत नाही. याच कारणाने २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचनही आलं. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते सुचवलं आणि त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. आमचं मत असं की घरी दोन्ही बोलावं : 'त्रेपन्न, म्हणजे पन्नास तीन.' जुने शब्द सोडायची काही गरज नाही.

खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडा, ९९ हवेत. दहा-दहाचे नऊ गठ्ठे रबर बँडने बांधा, नऊ सुटे ठेवा. चिठ्ठ्यांवर अंक लिहा आणि शब्द तुम्ही म्हणा : ५३ आणि ३५, ३६ आणि ६३, ४५ आणि ५४, ७२ आणि २७. उलटसुलट जोड्या मुद्दाम एकाच डावात हव्यात. शब्द ऐकून त्याने डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुटे मांडायचे आणि मगच चिठ्ठी उचलायची. एकोणच्या आकड्यांना वेगळी चाल : 'एकोणसाठ' म्हटलं की सहा गठ्ठे ठेवायचे, एक गठ्ठा सोडून त्यातला एक हीर परत द्यायचा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही चाल लागू पडते. नव्व्याण्णवला नाही, तो पाठच करावा लागतो.

प्रश्न : मुलाचं १३ − ५ = ९ असंच दर वेळी येतं. सापशिडीने फायदा होईल का? (एक बाबा, नागपूर)

तो 'तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ' अशी पाच नावं घेतो, म्हणजे उभा आहे तेच घर पहिलं धरतो. सापशिडीत सोंगटी उलटी, १०० वरून १ कडे चालवा. सोंगटी उचलून पुढच्या घरात टेकल्याशिवाय 'एक' म्हणायचं नाही. टेकल्याचा आवाज आला पाहिजे. दोन-तीन डावांत ही चूक जाते. नंतर फासा टाकल्यावर आधी कुठल्या घरात पोचणार ते सांगायचं आणि मग चालायचं. चुकलं तर सोंगटी जागेवरच.

दशकांसाठी मात्र सापशिडीचा पट वापरू नका. त्याच्या ओळी नागमोडी जातात, त्यामुळे २४ च्या डोक्यावर ३४ नव्हे, ३७ येतो. दहा वाढले की एक घर वर, हे शिकवायचं असेल तर प्रत्येक ओळ डावीकडून सुरू होणारा शंभराचा तक्ता स्वतः आखून घ्या.