कार्ड आलं नाही आणि ताप आला

प्रश्न: नोकरीसाठी नुकताच पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो. पगारातून विम्याचा हप्ता कापला गेला, पण कार्डाचा पत्ता नाही. डॉक्टरांकडे गेलो तर पैसे भरावे लागतील का?

उत्तर: नाही, फक्त जाण्याआधी एक फोन करा. कार्ड हातात नसलं तरी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तुम्ही विमाधारक आहात. तुमच्या क्रांकनकासेला, म्हणजे विमा संस्थेला, फोन करून किंवा तिच्या अ‍ॅपवरून 'एर्जात्सबेशायनिगुंग' मागा. हे कार्डाऐवजी चालणारं प्रमाणपत्र असतं. दवाखान्याचा फॅक्स नंबर दिलात तर बऱ्याच संस्था ते थेट तिकडेच पाठवतात.

कागद न नेताच गेलात, तर काउंटरवर खासगी रुग्ण म्हणून सही मागतील. तिथेच लोक फसतात. दहा दिवसांत कार्ड किंवा प्रमाणपत्र दाखवलं तर खासगी बिल लावता येत नाही. बिल भरून झालं असेल, तरी ती तिमाही संपायच्या आत पुरावा द्या आणि पैसे दवाखान्याकडूनच परत मागा. विमा संस्थेकडे बिल पाठवून भरपाई मिळेल असं धरून चालू नका. आपल्याकडच्या मेडिक्लेमची सवय इथे नडते, कारण इथे डॉक्टर आणि संस्था यांचा हिशेब परस्पर होतो.

कार्ड आल्यावर प्रत्येक दवाखान्यात दर तिमाहीत एकदा ते यंत्रात घालावं लागतं. मार्चअखेर तपासून आलात आणि एप्रिलमध्ये पुन्हा गेलात, तर कार्ड पुन्हा न्यायचं. टर्मिन, म्हणजे डॉक्टरांची वेळ, घेण्याआधी दवाखान्याची पाटीही वाचा. 'प्रिवाटप्राक्सिस', म्हणजे खासगी दवाखाना, लिहिलं असेल तर तिथे हे कार्ड चालत नाही.

औषधाची चिठ्ठी आता कार्डावरूनच मिळते, औषधाच्या दुकानात कार्ड दाखवलं की झालं. कार्ड नसेल तर दवाखान्यातून कोड असलेला छापील कागद मागून घ्या. प्रत्येक औषधामागे किमतीच्या 10 टक्के, पण किमान 5 आणि कमाल 10 युरो तुमचे. पॅरासिटामॉलसारखी चिठ्ठीविना मिळणारी औषधं मात्र मोठ्यांना सहसा स्वखर्चानेच घ्यावी लागतात.

प्रश्न: त्वचेच्या डॉक्टरांची टर्मिन तीन महिन्यांनंतरची मिळतेय. दुसरा काही मार्ग?

उत्तर: आधी हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. त्रास तातडीचा वाटला तर ते चिठ्ठीवर एक कोड देतात. तो घेऊन 116117 या वैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा, तिथले लोक चार आठवड्यांच्या आतली टर्मिन मिळवून देतात. डॉक्टर निवडता येत नाही, थोडं लांबही जावं लागेल. पण अंगावर पुरळ पसरत असेल तर तीन महिने थांबण्यात काही अर्थ नाही. रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तरी हाच नंबर लावा. जीवावर बेतलं असेल तर 112.

प्रश्न: आई-बाबा तीन महिन्यांसाठी येताहेत. त्यांना माझ्या विम्यात घेता येईल का?

उत्तर: नाही. कमी उत्पन्न असलेला जोडीदार आणि मुलं यांनाच हप्ता न भरता संरक्षण मिळतं, आईवडिलांना नाही. शेंगेन व्हिसासाठी लागणारा किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा त्यांच्यासाठी वेगळा घ्या. बीपी-शुगर असेल तर आधीच्या आजारांबद्दलचं कलम शब्दन् शब्द वाचा, बहुतेक दावे तिथेच अडतात. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील इतक्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणायला सांगा.