मॅड्रिगल गायला सुरुवात करताना

मॅड्रिगल म्हणजे अनेक आवाजांनी, प्रत्येकाने आपली वेगळी ओळ घेऊन एकत्र गायचं जुनं युरोपीय गाणं. पहिल्याच दिवशी सहा आवाजांच्या रचनेला हात घालू नका. इंग्लिश संगीतकार थॉमस मॉर्लीची १५९३ मधली तीन आवाजांची कॅन्झोनेट, म्हणजे छोटी हलकी गाणी, घ्या. आपली ओळ बसली की सोबत्याचीही गाऊन पाहा. एका ओळीला एकच गायक पुरे. ही गाणी मुळात घरी, मित्रमंडळींत गायली जात. तेव्हाच्या छापील वह्यांत प्रत्येकाला फक्त स्वतःची ओळ दिसे, तालाच्या उभ्या रेघाही नसत. म्हणून ठेका शब्दांतून उचला.

आणि शब्द आधी नीट वाचाच! इंग्लिश संगीतकार थॉमस वील्क्सच्या १६०१ मधल्या ‘अ‍ॅज व्हेस्टा वॉज’ या मॅड्रिगलमध्ये ‘दोघी दोघी’ या शब्दांना दोन आवाज, ‘तिघी तिघी’ला तीन, ‘एकटी’ला एकच. किती सुंदर आहे हे! एवढं उमगलं की आवाज कुठे सोडायचा, कुठे आवरायचा, ते आपोआप कळतं.